कारण सापडलं नाही

धारवाडची विजेची लाइन सुटली, म्हणजे बंद पडली, की आमच्या घरातला दिवा जात नसे, पण फळीवरची पितळी ताटं एकदा खणकत. केशवापूरच्या कडेला पॉवरहाऊसच्या कुंपणाला लागून कंपनीची चार घरं होती, त्यांतलं शेवटचं आमचं. इंजिनांची घरघर दिवसरात्र चालायची. ती आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की आम्हाला ऐकूच येत नसे. पाहुणे मात्र पहिल्या दिवशी डोकं धरून बसत. त्या घरघरीच्या वर एकच आवाज यायचा, स्विच पडल्याचा. धाड, आणि मग ताटं. आई भाकरी थापता थापता थांबायची, "पडला," म्हणायची, आणि अप्पांचं ताट झाकून ठेवायची. ते आता तासभर तरी येत नाहीत हे ठरलेलं. भाकरी, कारळाची चटणी, वर लोण्याचा गोळा, असं ते ताट झाकलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की अजूनही झाकलेलं ताट दिसलं की मला कुठेतरी लाइन सुटल्यासारखं वाटतं.

या प्रकरणात मी चांगली दिसणार नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुकांवर पत्रकं काढली, मोर्चे नेले, सत्कार घेतले. सत्काराच्या भाषणांत लोक सांगतात की बाईंनी विसाव्या वर्षी कंपनीला वाकवलं. वाकवलं हे खरं आहे. पुढचं कोणी सांगत नाही, कारण मीच ते कोणाला सांगितलेलं नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, रिले सांभाळायचे. हुबळीतून धारवाडला वीज नेणारी उंच खांबांवरची लाइन होती, मोठ्या दाबाची. तिच्यावर काही बिघाड झाला तर माणसानं पाहून, धावत जाऊन स्विच पाडेपर्यंत सगळं जळून जाईल, म्हणून ते काम रिले करायचे. भिंतीवर ओळीनं काचेच्या पेट्या. प्रत्येकीत लहान पापडाएवढी पातळ चकती. तारेतून जायला नको तेवढी वीज गेली की चकती फिरायला लागते, फिरत जाऊन एका टोकाला टेकते, आणि स्विच पडतो. त्याच वेळी काचेमागे लाल पत्र्याची इवलीशी झेंडी खाली येते. कोणत्या पेटीत झेंडी पडली त्यावरून कोणत्या तारेनं त्रास दिला ते कळतं. तीन तारांच्या तीन पेट्या आणि चौथी जमिनीची. वीज तारेतून जमिनीत झिरपायला लागली तर ती ओळखणारी. ही चौथी सगळ्यांत हळवी. तिच्या अंगावर सात भोकांची पट्टी होती आणि एक पितळी खुंटी. खुंटी जितकी पुढच्या भोकात, तितकी पेटीची कातडी जाड. अप्पांनी ती दुसऱ्या भोकात ठेवली होती आणि वर्षानुवर्षं तिथंच होती.

खंडेनवमीला आम्हा घरच्यांना आत जायला मिळायचं. इंजिनांना झेंडूच्या माळा, स्विचच्या दांड्यांना हळदकुंकू, सगळीकडे लिंबं कापलेली. रिलेच्या भिंतीपाशी मात्र अप्पा हात आडवे करून उभे राहायचे. "इथं लांबूनच नमस्कार करा. कुंकवाचा एक कण आत गेला तरी चकती अडेल." भटजी दरवर्षी कुरकुरायचे, "तुमचा देव फारच सोवळ्यातला, अप्पा." आणि अप्पा दरवर्षी तेच म्हणायचे, "सोवळ्यातला नव्हे हो, चहाडखोर. चहाड्या करणाऱ्याचं तोंड आपण बंद करायचं नसतं."

त्यांचा एक नियम होता. झेंडी पडली की आधी वहीत लिहायचं, मग ती उचलायची. वेळ, कोणती पेटी, कारण. उचलून मग लिहू म्हटलं की माणूस आपल्या सोयीचं लिहितो, असं ते म्हणायचे. कंपनीची वही इंग्रजीत असे. घरी आल्यावर ते स्वतःच्या लांबट वहीत तेच मराठीत उतरवून काढत, पाटावर बसून, ओठ हलवत. कारणाच्या रकान्यात काय काय असायचं: घारीचं घरटं. पतंगाचा मांजा. फांदी. माकड. आणि कधी कधी, त्यांच्या बारीक सरळ अक्षरात, 'कारण सापडलं नाही'. ते लिहिताना त्यांचा चेहरा उतरायचा. मग दुसऱ्या दिवशी फकीरप्पाला पाठवायचे.

फकीरप्पा लाइनमन. नवलूरचा, हुबळी आणि धारवाडच्या मधलं ते पेरूचं गाव. हातात काठी घेऊन लाइनीखालून अनवाणी चालत जायचा, वर बघत. इतकी वर्षं वर बघून बघून त्याची मान जरा मागेच झुकलेली होती. परतताना सदऱ्याच्या ओच्यात पेरू असायचे. अप्पांना तो 'रायरू' म्हणे, मला 'अक्का', मी त्याच्या मुलीच्या वयाची असून. "अक्का, कॉलेजात काय शिकवतात सांगा की. तार कुठं तुटंल ते शिकवतात काय?" मी म्हणायची, "राज्य कसं उलथायचं ते शिकवतात." "मग पेरू खा, ताकद लागंल."

राज्य मी खरंच उलथायला निघाले होते. लढाईचे दिवस होते, धान्य रेशनवर, आणि दुकानांतून ज्वारी मिळायची ती खड्यांसकट. मी रोज गाडीनं धारवाडच्या कॉलेजात जायची आणि निम्मे तास शिवानंदच्या खोलीवर बसून पत्रकं लिहायची. शिवानंद आमच्या मंडळाचा म्होरक्या, उंच, खणखणीत आवाजाचा. मी मराठीत लिहायची, तो एका बैठकीत कानडी करायचा, आणि कमरीपेठेतल्या एका छापखान्यात दोन्ही भाषा पाठपोट छापून निघायच्या. पत्रक कसं लिहायचं ते त्यानं मला शिकवलं. पहिलं वाक्य प्रश्न. दुसऱ्या वाक्यात गुन्हेगार. 'कदाचित' हा शब्द वापरायचा नाही. मी चांगली विद्यार्थिनी होते.

धारवाडला रेशनवर बायकांची मोठी सभा ठरवली होती, संध्याकाळची. बाहेरून वक्ते आले होते. ते बोलायला उठले आणि दिवे गेले, कर्णा बंद पडला. अंधारात कोणीतरी ओरडलं, पोलीस आले म्हणून, आणि बायका मुलं घेऊन पळाल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा सभा घेतली. पुन्हा तेच, जवळपास त्याच वेळी. शिवानंद म्हणाला, "एकदा होतं ते समजू शकतो. दोनदा?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पॉवरहाऊसमधल्या माणसाची मुलगी. त्या नजरांतून सुटायचा एकच मार्ग मला दिसला.

अप्पा आंघोळीला गेले होते तेव्हा मी त्यांची वही काढली. दोन्ही संध्याकाळी नोंद तीच: जमिनीची झेंडी. कारण सापडलं नाही. मी ते शब्द माझ्या वहीत उतरवून घेतले. माझ्या हाताला घाम सुटला नव्हता, छातीत धडधडलं नव्हतं. मला फक्त आनंद झाला होता. हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे.

आणखी एक नोंदवायचं आहे. त्याच दिवशी दुपारी फकीरप्पा मागच्या दारी आला. आईनं त्याला गिरमिट आणि चहा दिला. चिरमुरे चघळत तो मला म्हणाला, "रायरूंना सांगा, नवलूरच्या बागेपाशी कायतरी हाय. दिवसा काय नाय. सांजचं दव पडायला लागलं की वर चरचर आवाज येतो बघा, मिरची भजी तळल्यागत. चिनी मातीचं भांडं तडकलं असंल, तार ज्याच्यावर बसती ते. दोन दिवस द्या, हुडकून काढतो." मी अप्पांना निरोप दिला. पत्रकात मात्र तो घातला नाही. त्यानं पत्रक कमजोर झालं असतं.

पत्रकाचं नाव होतं 'अंधार कोण करतो?' त्यात मी लिहिलं की कंपनीच्या स्वतःच्या वहीत 'कारण सापडलं नाही' असं लिहिलेलं आहे; कारण असेलच कसं सापडलेलं, ते साहेबाच्या खिशात आहे. शेवटी मागणी: धारवाडची लाइन यापुढे कोणत्याही सबबीवर सुटता कामा नये.

ते पत्रक आमच्या अंगणातही येऊन पडलं. अप्पांनी ते जेवताना वाचलं. दोन्ही बाजू वाचल्या, कानडीसुद्धा. मग घडी करून पाटाखाली ठेवलं.

"हे वाक्य माझं आहे," ते म्हणाले.

आई म्हणाली, "कोणतं हो?"

"सापडलं नाही, हे."

मी म्हटलं, "मग नाकारणार आहात काय?"

"नाकारू कशाला? सापडलं नव्हतंच." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "सापडलं नाही म्हणजे लपवलं असं होत नाही, कुसुम. सापडलं नाही म्हणजे अजून शोधायचंय. एवढंच त्या वाक्यात असतं."

"अप्पा, तुम्ही त्यांचे नोकर. तुम्हाला असंच म्हणावं लागणार."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे.  अप्पा ताक प्यायले, उठले, हात धुतले. वही मी कधी काढली, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. मात्र त्यानंतरही ती वही होती तिथंच, उघड्या फळीवर राहिली. त्यांनी ती कुलपात ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं.

फकीरप्पाला ते तडकलेलं भांडं सापडायच्या आतच मोर्चा आम्ही पॉवरहाऊसच्या फाटकावर नेला. शे-दोनशे बायका, पुढे मी. आमच्याच घरासमोरून. पॉवरहाऊसचे साहेब बाहेर आले. घाबरलेले होते, ते लपत नव्हतं. शिवानंदनं पत्रकातली मागणी वाचून दाखवली आणि साहेबांनी सगळ्यांच्या देखत शब्द दिला, "उद्यापासून धारवाडची लाइन सुटणार नाही. मी आजच तशी व्यवस्था करतो." बायकांनी टाळ्या वाजवल्या. फाटकाच्या आत, रिलेच्या खोलीच्या पायरीवर अप्पा उभे होते. त्यांनी टाळ्या ऐकल्या.

व्यवस्था म्हणजे काय, ते संध्याकाळी कळलं. साहेबांनी चौथ्या पेटीची खुंटी दुसऱ्या भोकातून काढून शेवटच्या भोकात लावायला सांगितली. अप्पांनी इंग्रजीत अर्ज लिहून दिला, की असं केल्यास बिघाड जाणार नाही, फक्त कळायचा बंद होईल. साहेबांनी अर्ज खणात टाकला आणि म्हणाले, लोकांची मागणी आहे, तुम्ही नाही तर दुसरा कोणी लावील. अप्पांनी स्वतः लावली. "परक्यानं पेटी उघडली असती तर चकतीला धक्का लागला असता," असं त्यांनी आईला सांगितलं. मी ऐकावं म्हणून नव्हे. मी तिथं होते इतकंच. दुसऱ्या दिवशी शिवानंद धारवाडचे पेढे घेऊन घरी आला. अप्पांनी पेढा हातात घेतला, निम्मा मोडून तोंडात टाकला, उरलेला बशीत ठेवला. "अभिनंदन," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा मी कितीदा शोधून पाहिला.

दोन महिने ताटं खणकली नाहीत. आमची तिसरी सभा दिव्यांच्या लखलखाटात झाली, कर्ण्यावरून मी पहिल्यांदा बोलले, आणि माझा आवाज मलाच आवडला. लाइन सुटतच नव्हती, म्हणून फकीरप्पाला लाइनीखाली चालवायची गरज नाही असं साहेबांनी ठरवलं आणि त्याला गावातल्या खांबांवर लावलं. खुंटी हलवलीय हे त्याला कोणी सांगितलं नाही. त्याला का सांगायचं, लाइनमनच तो.

त्या दिवशी सकाळी मी चहा पीत होते. थंडीचे दिवस, अंगणात धुकं. अप्पा पहाटेच्या पाळीला गेले होते. धाड. फळीवर ताटं खणकली. मी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बघ आई. पाडली परत. कबूल केलेलं दोन महिन्यांवर पाळवत नाही यांना."

ते अप्पांनी हातानं पाडलं होतं. पेटीतली चकती नुसती थरथरत होती, फिरत नव्हती; त्यांना ते दिसलं, आणि साहेबांना न विचारता त्यांनी दांडी ओढली. काही क्षण उशीर झाला होता. नवलूरच्या बागेपाशी ते तडकलेलं चिनी मातीचं भांडं दोन महिने संध्याकाळ-सकाळ चरचरत राहिलं होतं, आणि त्या पहाटे तार जळून खाली पडली, पेरूवाल्या बायका स्टेशनकडे जातात त्याच पायवाटेवर. फकीरप्पा घरून कामावर निघाला होता. त्यानं तार पाहिली, मागून टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका पाहिल्या. त्याच्या सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं की तार जमिनीवर पडलीय आणि लाइन सुटलेली नाही. रायरूंची चौथी पेटी तार जमिनीला लागायच्या आतच बोलायची. तिच्यावर त्याचा असा भरवसा होता. त्यानं तार बाजूला सारायला काठी घातली. काठी दवानं भिजलेली होती.

जीव वाचला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

सरकारी इन्स्पेक्टर आला, चौकशी बसली. खुंटी कोणी हलवली? अप्पा म्हणाले, मी. कोणाच्या सांगण्यावरून? साहेबांच्या. साहेब म्हणाले, आपण फक्त लाइन नीट ठेवा एवढं सांगितलं होतं. अर्ज खणात सापडला नाही. साक्षीदार कोणी आहे का, इन्स्पेक्टरनं विचारलं. अप्पा म्हणाले, नाही.

साक्षीदार दोनशे होते. फाटकावर साहेबांनी शब्द दिला तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. मी कचेरीत जाऊन एवढंच सांगायचं होतं की ही मागणी आमची, शब्द साहेबांचा, आणि पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी शिवानंदला तसं म्हटलं. तो म्हणाला, "कुसुम, मागणी आपली होती हे आता उच्चारायचंसुद्धा नाही. मंडळ संपेल. अप्पांची फार तर बदली होईल." मी हो म्हटलं. त्यानं मला भाग पाडलं असं लिहायचा मोह अनेकदा झाला. त्यानं भाग पाडलं नाही. मला ते ऐकायचंच होतं.

उलट मी दुसरं पत्रक लिहिलं, 'कंपनीच्या बेपर्वाईचा बळी'. पहिलं वाक्य प्रश्न, दुसऱ्यात गुन्हेगार. ते घेऊन मी नवलूरला गेले. फकीरप्पा ओसरीवर बसला होता, बाही गाठ मारून वर केलेली. वाचता येत नव्हतं त्याला. मी वाचून दाखवलं. त्यानं मान मागे टाकून नीट ऐकलं, लाइन बघायचा तसा.

"ह्यात माझं नाव हाय काय?"

"आहे."

"रायरूंचं?"

"नाही."

"ते बरं केलंत." मग त्यानं विचारलं, "आणि मी चरचर आवाज सांगितला होता, ते लिहिलंत काय?"

मी म्हटलं, नाही.

तो रागावला असता तर मला बोलता आलं असतं. "इरली बिडरी, अक्का," एवढंच तो म्हणाला. असू द्या, सोडा. मग उठला, आत गेला, आणि डाव्या हातानं एक एक करून चार पेरू माझ्या पदरात टाकले. एकेक पेरू आणायला त्याला वेळ लागत होता. मी उठून मदत केली नाही. 

अप्पांना रिलेवरून काढून मीटर वाचायला घरोघर पाठवलं. कंपनीचं घर सोडावं लागलं. नव्या घरात इंजिनांची घरघर नव्हती आणि आईला कित्येक दिवस झोप येईना. अप्पा कंदील नि वही घेऊन लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपायचे. मी रस्त्यात कोणाबरोबर असले आणि ते समोरून आले तर तेच ओळख न दाखवता बाजूनं जायचे. माझी अडचण होऊ नये म्हणून. आणि मी ती सोय घेतली.

आता मी विद्यानगरात राहते. दिवे गेले की खालच्या मजल्यावरची मुलं लगेच फोनवर कोणालातरी झाडायला लागतात, आणि वर येऊन मला म्हणतात, आजी, तुम्ही एक जोरदार पत्र लिहा बघू, तुमचं ऐकतात. मी म्हणते, थांबा जरा, कोणीतरी शोधत असेल. त्यांना वाटतं म्हातारी थकली.

अप्पांची लांबट वही त्यांच्यानंतर माझ्याकडे आली. कितीतरी वर्षं मी ती उघडली नाही. शेवटच्या पानावर त्या धुक्यातल्या सकाळची नोंद आहे, अक्षर नेहमीसारखं सरळ. वेळ. पेटी : जमिनीची. झेंडी : पडली नाही. हातानं पाडलं. आणि कारणाच्या रकान्यात, 'माहीत आहे'.

त्यापुढे त्यांनी काही लिहिलेलं नाही. रकाना रुंद आहे, दोन ओळींची जागा सहज उरलीय. त्यात त्यांना काय लिहिता आलं असतं हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. वही तर तेव्हाही उघड्या फळीवर पडलेली, मी कधीही काढून वाचेन अशा ठिकाणी. आधी लिहायचं, मग उचलायचं. मी माझी झेंडी त्याच आठवड्यात उचलून ठेवली, आणि लिहायला ही अशी बसले आहे, फकीरप्पा नाही, अप्पा नाहीत, विचारणारं कोणी नाही तेव्हा. आज सकाळी मी वही काढली आणि त्या मोकळ्या जागेत शाईनं माझं नाव लिहिलं.